हँडल हवेतच तुटलं

मैत्रिणींनो, आज सकाळी जळगावात खांद्याचा एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, "हे हाड पूर्वी मोडलेलं आहे." मला ती शर्यत आठवली.

नव्वदच्या दशकात, मी कॉलेजात असताना, धुळ्याबाहेरच्या टेकडीवर मुलींची सायकल शर्यत होती. मी सगळ्यांच्या पुढे होते. नाल्यावरून सायकल उडवली आणि हवेतच हँडल तुटून हातात आलं.

खांद्यावर पडले. दुखलं नाही, रडूही आलं नाही. नुसतं आभाळ दिसत होतं.

मागची मुलगी सायकल टाकून धावत आली. "हालू नको बहीन, मी आठेच शे." इथेच आहे, म्हणत ती शेजारी बसली.

"तू जा, पहिली येशील," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे." तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं. बाकीच्या पुढे निघून गेल्या.

तिचं नाव मी विचारलंच नाही.

तुमच्यासाठी असं कुणी थांबलंय का?