अकोल्याला दहावा माणूस नेताना

त्या रविवारी सकाळी मी दोन कामं केली. कपाटातली वडिलांची पोथी बाहेर काढली, तिचं फडकं झटकलं आणि ती पुन्हा होती तिथे ठेवली. मग शेजाऱ्याकडून एक जास्तीचं हेल्मेट मागून आणलं.

पोथीचं काम दर रविवारचं. आमचं घराणं महानुभाव. रिद्धपूरजवळच्या आमच्या गावात वडील रोज संध्याकाळी देवाच्या ओट्यापाशी पोथी सोडायचे, म्हणजे फडकं उलगडून वाचायला बसायचे, आणि गाव ऐकायचं. ते गेल्यावर वाचन थांबलं. गावातली म्हातारी माणसं मला म्हणायची, "आता तू बस." मी अमरावतीत बियाण्यांचं दुकान चालवतो, पण गाव काही लांब नाही, आठवड्यातून एकदा सहज जमलं असतं. माझं उत्तर ठरलेलं असे, "दहा-वीस माणसं जमू द्या, मग बसू."

हेल्मेट मात्र खास त्या दिवसासाठी होतं. मला नागपूरच्या रूबेनभाऊंना अकोल्याला पोहोचवायचं होतं.

तरुणपणी मी अकोल्यात नोकरीला होतो, तेव्हा जुन्या शहरात सॅमसनकाकांच्या माडीवर भाड्याने राहायचो. काका रेल्वेतून निवृत्त झालेले, बेने इस्राईल, म्हणजे आपल्या कोकणात शेकडो वर्षांपासून राहिलेले यहुदी. काकूंना जाऊन काही वर्षं झाली. त्यांच्या तिथीला काका ठाण्याला जात आणि तिथल्या प्रार्थनास्थळात 'कद्दीश' म्हणत. माणसाच्या मागे म्हणायची ती प्रार्थना आहे. ती एकट्याने म्हणता येत नाही, किमान दहा यहुदी पुरुष हजर लागतात. यंदा काकांच्या गुडघ्यांनी प्रवासाला नकार दिला, म्हणून माणसंच अकोल्याला येणार होती. ठाण्याहून आठ, नववे स्वतः काका आणि दहावे रूबेनभाऊ. दिवस मावळायच्या आत प्रार्थना व्हायला हवी होती.

रूबेनभाऊ नागपूरहून बसने आले ते उशिराच. साठी ओलांडलेले, पण गाडीवर बसले ते पोरासारखे.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. अमरावती ते अकोला अंतर शंभर किलोमीटरच्या आत आहे आणि बडनेरा सोडलं की रस्ता मोठा नि चांगला आहे. दुचाकीला जाऊन-येऊन चारशेच्या आसपास पेट्रोल लागतं. हिवाळ्यात जा. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेली कपाशी, मधूनच तुरीचे पट्टे, आणि वारं असं की बोटं गारठतात. गाडी चालवायची नसेल तर बडनेऱ्याहून रेल्वे आहेच.

मूर्तिजापूरच्या अलीकडे चहाला थांबलो. भाऊंनी भजी घेण्याआधी विचारलं, "कढईत मांसमच्छी तळत नाही ना?"

"नाई जी," चहावाला म्हणाला. "कोणाचे आहात तुमी?"

"इस्राईली."

"म्हणजे किरिस्ताव?"

"नाही."

"मंग मुसलमान?"

"नाही हो."

"बाप्पा! मंग आता राह्यलंच काय?"

"आमी त्या दोघायच्याही आधीचे," भाऊ भजं मोडत म्हणाले. चहावाल्याने हात जोडले आणि मोठ्या माणसाला द्यावा तसा त्यांना आणखी अर्धा कप चहा दिला.

दुपार कलली तेव्हा आम्ही मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात शिरलो. गल्ली तशीच अरुंद. काकांच्या दाराच्या उजव्या चौकटीवर लाकडाची ती छोटी तिरकी नळी अजून होती. भाडेकरू असताना मला वाटायचं की तो एखादा ताईत असेल. एकदा काकूंनी सांगितलं होतं की आत चामड्यावर हाताने लिहिलेली वचनं आहेत: देव एक आहे, त्याच्यावर जीव लावा, हे लेकरांना शिकवा, घरी बसताना आणि वाटेने चालताना बोला. त्यातलं एक अक्षर जरी पुसलं तरी ते चालत नाही. पुन्हा लिहून घ्यावं लागतं. रूबेनभाऊंनी नळीला बोटं लावून ओठांना टेकवली. माझाही हात सवयीने तिथे गेला.

आत ठाण्याची मंडळी बसली होती. मधल्या ताटात मलिदा होता: गुळाचे पोहे, ओलं खोबरं, फळं आणि गुलाब. समोरच्या घरातले मुनाफभाई खुर्च्या घेऊन आले होते. काकांनी मला जवळ घेतलं. "आणलंस रे बाप्पा याले!"

मला फार अभिमान वाटला. दहावा माणूस मी आणला होता. मी मोठ्याने एकेकावर बोट ठेवून मोजायला लागलो, "एक, दोन..."

"थांब!" काका एवढ्या जोरात म्हणाले की माझं बोट हवेतच राहिलं. "माणसं अशी मोजत नाईत. तुमच्या खळ्यावर धान्य मोजताना पह्यल्या मापाले एक म्हणतेत का?"

"नाही. लाभ म्हणतात."

"काहून?"

वडील म्हणायचे, देणाऱ्याने दिलेल्या गोष्टीला आकडा लावू नये. मी तेच सांगितलं.

"तसंच हे," काका म्हणाले.

मग त्यांच्या भाच्याने, डॅनियलने, दहा शब्दांचं एक वचन हळू म्हटलं, एकेका माणसाकडे पाहत एकेक शब्द. सगळ्यांत शेवटी तो काकांकडे वळला. माणसं संपली आणि एक शब्द उरला.

तेव्हा मला कळलं. एकाच्या आईला आदल्या रात्री दवाखान्यात न्यावं लागलं होतं. ठाण्याहून सातच जण आले होते.

खिडकीतलं ऊन भिंतीवर चढत होतं. डॅनियल फोन लावत राहिला. भुसावळला कोणी, खामगावला कोणी, पण मिळालं कोणीच नाही. मुनाफभाई उभे राहिले. "काका, मैं बैठता हूँ ना. इब्राहीम को आप भी मानते, हम भी मानते."

काकांचे डोळे भरले. "बैस ना रे. माझ्याजोळच बैस. पण दहात नाई धरता येत."

शेवटी डॅनियल न राहवून म्हणाला, "मामा, इतक्या लांबून आलोय आम्ही. एकाचाच प्रश्न आहे. म्हणून टाका. इथे कोण बघतंय?"

मला मनातून वाटलं की काकांनी ऐकावं. काकूंचा फोटो समोर होता.

काका रागावले नाहीत. "डॅनियल, आपल्या लोकायचं गलबत कोकणात फुटलं तवा पोथ्या गेल्या, भाषा गेली. तेल गाळून पोट भरत होते. पण शनिवारी, देवाच्या विसाव्याच्या दिवशी, घाणा बंद. लोक त्यायले शनिवार तेलीच म्हणत. तवा कोण पाहत होतं? देवाचा करार अब्राहामासंगं, मुनाफच्या इब्राहीमासंगं, झालता. तो तुटला नाई म्हणून तू न् मी येथी बसून आहोत. तुह्या मामीसाठी मी तो आज तोडू?"

मग प्रार्थना सुरू झाली. एकट्याला म्हणता येतं तेवढं सगळं नऊ जणांनी म्हटलं. कद्दीशच्या जागी काका गुडघ्यांवर जोर देऊन उठले आणि ओठ मिटून उभे राहिले. रूबेनभाऊंनी मला वाटेतच सांगितलं होतं की त्या प्रार्थनेत मरणाचा एक शब्दही नाही, नुसती देवाची थोरवी आहे. ती थोरवी मी त्या न म्हटलेल्या वेळात ऐकली. बाहेर भाजीवाला ओरडत होता. आत एक म्हातारा माणूस, आपली सगळ्यांत जवळची गोष्ट हातात असून ती न घेता, देवापुढे ताठ उभा होता. मी अनेक तीर्थांना गेलो आहे, इतकं मोठं दर्शन मला कुठे झालं नाही.

भिंतीवरचं ऊन गेलं. काका बसले आणि म्हणाले, "मलिदा वाटा. मुनाफले आधी. पुढच्या वर्षी पाहू."

रात्री तिथेच मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी निघताना काका मला म्हणाले, "तुह्या बापाची पोथी सुरू हाय ना?" मी म्हटलं, माणसं जमत नाहीत. ते नुसते हसले. "तुमच्यात किती लागतेत?"

उत्तर मला ठाऊक होतं. आमच्यात अशी अटच नाही. ज्यांना अट आहे ते ती प्राणापलीकडे पाळतात, आणि मी नसलेली अट लावून बसलो होतो. परतीच्या अख्ख्या रस्त्यावर हेच मनात होतं. मागची सीट रिकामी होती, रूबेनभाऊ रेल्वेने परस्पर नागपूरला गेले होते.

अमरावतीला घरी पोहोचलो, पोथी घेतली आणि तसाच गावाकडे निघालो. दिवेलागणीला ओटा झाडला आणि दंडवत घातला. "आता तू बस" म्हणणाऱ्यांतली गोदाआजी काठी टेकत आली.

"काहून रे, बाकीचे कुठी गेले?"

"येतील तवा येतील, आजी. तू बैस."

ती बसली. मी तिच्याकडे पाहून मनात म्हटलं, लाभ. आणि पोथी सोडली.