मास्तरांची सही

घरात चार भावंडांत थोरल्या म्हणून त्या ताई, आणि बाविसाव्या वर्षी बॅटरीच्या कारखान्यात लागल्या तर तिथेही आठवड्याभरात सगळ्यांच्या ताईच झाल्या. वडील गेले होते, आईचे गुडघे गेले होते, आणि पाठची तीन तोंडं खायला होती. लग्नाबिग्नाचं ताईंना कुणी विचारलं नाही. त्यांनीही स्वतःला विचारलं नाही.

त्यांचं काम चाचणीच्या खोलीत, कारखान्याच्या मागच्या टोकाला. जाड काच, काचेपलीकडे लोखंडी पेटी, दाराशी वाळूच्या बादल्या. मोबाइलच्या सेलवर नखाएवढी सर्किटची पट्टी बसवलेली असते. सेल भरला की तिने वीज तोडायची, पार रिकामा व्हायला लागला तरी तोडायची, तारेला तार चिकटली तर क्षणात तोडायची. ती खरंच तोडते का, हे ताईंनी सेलला मुद्दाम जास्त वीज पाजून बघायचं.

हे काम त्यांना मास्तरांनी शिकवलं. मास्तर कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. आधी रेडिओ दुरुस्त करायचे. पण साधा स्क्रू पिळतानाही समजावून सांगायची खोड, म्हणून मास्तर.

"ताई, सेलला अक्कल नसते," पहिल्याच दिवशी ते म्हणाले. "पोट भरलं तरी खात राहतो. मग फुगतो, तापतो, आणि एकदा पेटला की कुणाच्या बापाला ऐकत नाही. ही पट्टी त्याचा हात धरते."

"आणि पट्टीलाच अक्कल नसली तर?"

"म्हणून तर आपण दोघं इथे बसलोय!"

दोघं तशी नऊ वर्षं बसली. व्होल्टचा आकडा सव्वाचारच्या पुढे सरकला की दोघांचेही श्वास अडकायचे. वीज तुटून करंट शून्यावर आला की दोघं एकदमच खुर्चीला टेकायची.

एका दुपारी डबे उघडता उघडता मास्तर म्हणाले, "मी तुम्हाला ताई म्हणायचं सोडलंय. लक्षात आलं?"

आलं होतं. चार महिने ते नुसत्या 'अहो'वर भागवत होते. ताईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी डब्याचं झाकण परत लावलं, परत उघडलं.

"धाकटीचं एकदा होऊ दे," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी मान डोलावली आणि जेवायला लागले. धाकटीची स्थळं येत होती, मोडत होती. दोन वर्षांनी कंपनीने पट्ट्या बनवायचा नवा कारखाना परगावी काढला, आणि तिथल्या तपासणीसाठी मास्तरांचं नाव निघालं.

"काय करू?" त्यांनी ताईंना विचारलं.

'थांबा' हा शब्द केवढासा! पण माणसाला आणखी किती ताटकळत ठेवायचं, आणि कशाच्या जोरावर? "बढती आहे. जा," ताई म्हणाल्या.

धाकटीचं लग्न त्यानंतर सातच महिन्यांनी झालं. मास्तरांना कळवायला ताईंनी तीनदा पत्र लिहिलं आणि तीनदा फाडलं. बातमी बहिणीची असली तरी निरोप कशाचा, हे शेंबड्या पोरानेही ओळखलं असतं.

अकरा वर्षं गेली. दर सोमवारी पट्ट्यांची पेटी यायची, वर तपासणीचा कागद, खाली मास्तरांची सही. शेवटच्या अक्षराची शेपटी ओढून ते सहीखाली रेघ मारायचे. पेटी फोडायच्या आधी ताई तो कागद वाचायच्या. त्यात वाचण्यासारखं काही नसायचं. तरी वाचायच्या.

मग एका सोमवारी वीस नमुन्यांतला तिसरा थांबेना. चार पूर्णांक तीन, चार पूर्णांक चार. ताईंनी हाताने बटण बंद केलं, तोवर सेल उशीसारखा फुगला होता. अकरावाही तसाच गेला. त्यांनी भिंग लावलं. पट्टीवर एका टोकाला सोल्डरिंगचा थेंब नुसता बसला होता, धरला नव्हता. बघणाऱ्याला सहज दिसलं असतं.

"मास्तरांची सही आहे, ताई," सुपरवायझर म्हणाला. "त्यांच्या नजरेतून मुंगी सुटत नाही. तुमचंच मशीन बघा."

ताईंनाही तेच हवं होतं. त्यांनी मशीन बदललं, तारा बदलल्या, नवे वीस नमुने काढले. पुन्हा दोन फुगले. मग कागद खिडकीशी नेला. सही दुसऱ्या कुणाची निघाली असती तर! पण शेपटी तीच होती. फक्त रेघ सहीखालून न जाता अक्षरांच्या मधूनच गेली होती.

हे सेल उद्या कुणाच्या तरी उशाशी पडणार होते. ताईंनी कागदावर 'नापास' लिहिलं, आधीच्या पेट्यांतला मालही अडवायला लावला, आणि ऑफिसातून नंबर घेऊन स्वतः फोन लावला. हे मास्तरांना दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको होतं.

"मी बोलतेय. चाचणीच्या खोलीतून."

"आवाज ओळखला," पलीकडून आलं.

सगळं ऐकून घेतल्यावर मास्तर म्हणाले, "बरं केलंत. मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. लपवला मी. फार मोठी चूक झाली. पण पेट्या तुमच्याकडे जात होत्या ना, सही सोडवेना."

ताईंनी कागदावरच्या सहीवरून बोट फिरवलं.

"धाकटीचं झालं का?"

"झालं. तिची मुलगी आता चौथीत आहे."

"हो का," मास्तर म्हणाले. "मला वाटत होतं, अजून व्हायचंय."

मास्तरांनी नोकरी सोडली आणि ऑपरेशनसाठी बहिणीकडे गेले. आईला धाकटीच्या हवाली करून ताईंनी दोन दिवसांची रजा टाकली आणि सात तासांची बस धरली. एका डोळ्याचं झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. दर दोन तासांनी ताई थेंब घालत होत्या. मास्तर मान मागे टाकून बसत होते. "राहा की चार दिवस," त्यांची बहीण म्हणाली. पण आई अंथरुणाला खिळलेली. ताईंना निघावं लागलं.

मास्तर काळा चष्मा लावून स्टँडवर पोचवायला आले. बस सुटताना त्यांनी हात वर केला तो शेजारच्या गाडीला.

"मास्तर!" ताई खिडकीतून ओरडल्या. अख्खी बस वळून बघायला लागली. "तिकडे नाही! मी इकडे आहे!"

मास्तरांनी आवाजाच्या दिशेला तोंड फिरवलं. तेवढ्यात बस वळली.