बाळू शाळेत जात होता

मलकापूरच्या एका छोट्या दवाखान्यात मी सिस्टर आहे. रोज घरी जाताना डब्यासोबत एखादा किस्सा येतोच. डबा घासून होतो, किस्से साचत राहतात.

यातले बरेच एकाच प्रश्नामुळे घडले. आमचे डॉक्टर पुण्याचे. आल्या आल्या त्यांनी तापाच्या पेशंटसाठी फॉर्म छापून घेतला. त्यात सातवा प्रश्न, ‘घरात जनावर आहे का?’ कुत्र्यामांजरांपासून क्वचित एखादा जंतू माणसाला लागतो, आणि लागला तर भारी पडतो, म्हणून विचारायचं. हेतू चांगलाच होता. पण आमच्याकडे घरात जनावर म्हणजे साप! मी तसं सांगितलं. “सिस्टर, मराठी मलाही येते,” म्हणाले. बरं, म्हटलं.

या प्रश्नापायी एका बाईचा जीव जाता जाता राहिला. ते शेवटी सांगते.

*

पहिला पेशंट मोताळ्याकडचा. डॉक्टरांनी विचारलं, “घरात जनावर आहे का?”

“हाव साहेब. श्रावणात निघालं होतं, चुलीमागून.”

“मग?”

“मंग काय, नाल्यापलीकडं सोडून आलो.”

डॉक्टरांनी फॉर्मवर लिहिलं, ‘पाळीव प्राणी सोडून दिला.’

*

मग फॉर्म बदलला. ‘पाळीव प्राणी आहे का?’ शबानाभाभींना दोन महिने ताप येत-जात होता, सांधे धरलेले. त्यांनी ‘नाही’ सांगितलं.

मी विचारलं, “भाभी, दूध कोणाचं पिता?”

“घरचंच. चार बकऱ्या हायेत ना. कच्चंच पितो, ताकद येते.”

“मग प्राणी नाही म्हणून काऊन सांगितलं?”

“बकरी प्राणी थोडीच असते? ते तर आमचं दुकान हाये.”

रक्त तपासलं, तर आजार बकरीचाच निघाला. दीड महिना गोळ्या चालल्या. दूध उकळून प्या म्हटलं, तर भाभी म्हणाल्या, “दूध उकळीन. बकरी विकणार नाही, आताच सांगून ठेवते.”

*

कॉलेजातल्या एका मुलीच्या काखेत गाठ आली. घरच्यांनी कॅन्सर धरून रडायलाही सुरुवात केलेली. तिच्या हातावर ओरखडे होते.

“मांजर पाळलीय का?” डॉक्टरांनी विचारलं.

आई म्हणाली, “नाई हो. तिनंच आमाले पाळलं.”

गाठ त्या ओरखड्यांचीच होती, हळूहळू उतरली. मांजर अजून पलंगावर झोपते आणि आई खाली.

*

आता कमलमावशी. मावशी शिवणकाम करतात, एकट्या राहतात. आल्या तेव्हा तापानं फणफणलेल्या, बीपी खाली चाललेलं, बोटांची टोकं निळी पडत होती. तरुणपणी जीप उलटली तेव्हा त्यांची जंतूंशी लढणारी प्लीहा काढावी लागली होती. अशा माणसाला साधा जंतूही महागात पडतो. फॉर्मवर ‘प्राणी नाही.’ औषधं चालू होती, पण मूळ सापडेना. अकोल्याला हलवायचं ठरलं. मला भीती वाटत होती, आणि त्या फॉर्मचा रागही येत होता. अँब्युलन्स येईपर्यंत मी तो फॉर्म बाजूला ठेवला.

“मावशी, घरात कोण कोण असतं?”

“मी अन् बाळू.”

“बाळू केवढा आहे?”

“सहा वर्साचा.”

“शाळेत जातो?”

“जात होता. मास्तरनं हाकलला.”

“काऊन?”

“साऱ्या पोराइची खिचडी खाल्ली त्यानं.”

डॉक्टर घड्याळ बघत होते. मावशींच्या बोटावर एक जखम होती. मी विचारलं, “हे कशानं झालं?”

“मशीनची सुई घुसली.”

“काही लावलं होतं का?”

“काई नाई. बाळूनं चाटली.”

डॉक्टरांनी घड्याळ बघायचं सोडलं आणि फोन उचलला. कुत्र्याच्या तोंडातला जंतू असणार, त्या हिशेबानं औषध सुरू करा, असं त्यांनी अकोल्याला सांगितलं. मावशी वाचल्या. डाव्या हाताचं एक बोट मात्र गेलं.

दोन महिन्यांनी त्या दाखवायला आल्या. डॉक्टर म्हणाले, “मावशी, आता तरी त्या कुत्र्याला कुठंतरी सोडून या. बोट गेलं तुमचं.”

“बोट माझं गेलं साहेब. तुमी काऊन रडून राह्यले?”

मग त्यांनी पिशवीतून कापडी हातमोजा काढला. घरीच शिवलेला, चार बोटांचा, बरोबर मापाचा. “आता लागलं की पयले साबण, पट्टी, अन् वरून हे. बाळूच्या तोंडाले मुसकं नाई शिवलं, माह्या हाताले हे शिवलं.” मला त्या बाईचा फार अभिमान वाटला.

सातवा प्रश्न आता ‘घरात कोण कोण आहे?’ असा आहे. तो फॉर्म त्या दिवशी डॉक्टरांनी स्वतः भरायला घेतला. दारात बाळू वॉचमनला न जुमानता बसला होता.

“घरात कोण कोण आहे?”

“बाळू.”

डॉक्टरांनी ‘बाळू’ लिहिलं. पुढचा रकाना आला.

“नातं?”

मावशींनी मोजा हातात चढवला. “ते तुमीच लिहा साहेब. मराठी येते ना तुमाले?”