हीटरचा वास

थंडीत गाडीचा हीटर पहिल्यांदा लावला की तापलेल्या धुळीचा वास येतो आणि मला मित्राची ती जीप आठवते. उदारीकरण नुकतंच आलं होतं, आम्ही दिल्लीत होतो. त्याने सरकारी नोकरी सोडून परदेशी कंपनी धरली, गुडगावला प्लॉट घेतला, जीप घेतली आणि तिला करोल बागेतून रुंद टायर बसवून आणले. मी अजून त्याच जुन्या ऑफिसात सरकारी गाड्यांची देखभाल बघत होतो. त्याच्या हातातल्या किल्लीकडेसुद्धा मला बघवत नसे. पावसाळ्यातल्या एका रविवारी तो आम्हा नवराबायकोला प्लॉट दाखवायला घेऊन निघाला. रस्ता नव्हताच, नुसता चिखल. तो रेडिएटरच्या जाळीवर थापला गेला, तसा तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकू लागला. थांबलो असतो तर चाकं रुतली असती. "आता काय करू यार?" त्याने मला विचारलं. हीटर पूर्ण सोडला की इंजिनाची उष्णता आत ओढली जाते, हे मला पाठ होतं. पण एकदा तरी याचं काही बिघडू दे, असं वाटलं आणि मी म्हणालो, "ठाऊक नाही बुवा." तेवढ्यात मागून बायको म्हणाली, "भावजी, हीटर लावा ना. हे सगळ्या ड्रायव्हरांना तेच तर सांगतात." त्याने लावला. आम्ही तिघं घामाने निथळलो, पण काटा हळूहळू उतरला. त्याने माझ्याकडे एकदाच पाहिलं. परवा हीटर लावला तेव्हा बायको कौतुकाने म्हणाली, "तुमच्या युक्तीनेच त्यांची जीप वाचली होती, नाही?" मी हो म्हणालो आणि काच खाली केली.