हेमांगीच्या प्रबंधातलं मीठ

माझ्या धाकट्या जावेला आता सगळे डॉक्टर म्हणतात. म्हणोत बापडे. मी हेमांगीच म्हणते. पण तिच्याबद्दल कुणी चार शब्द सांगायचे तर ते मीच, कारण तिचा हेवा माझ्याइतका मन लावून कुणी केला नसेल.

ती खाडीकाठच्या भातशेतीवाल्यांची लेक. माझ्या दिराने, कल्पेशने, तिला पसंत करून आणलं तेव्हा ती पाण्याला 'पानी' म्हणायची आणि आम्ही वसईतल्या होळी गावचे बागायतदार तोंडावर पदर धरून हसायचो. तिला त्याचं काहीच वाटायचं नाही. उलट वही काढून लिहायची! आम्ही काय म्हणतो, तिच्या माहेरी काय म्हणतात, समोरासमोर दोन रकाने. ही बाई आपल्याला जड जाणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

वसईतल्या एका कॉलेजात ती मराठी शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे नोकरी कायमची नाही, दर जूनला पुन्हा मुलाखत. पीएचडी झाली तर कायम व्हायची आशा. म्हणून तिने विद्यापीठाची पीएचडी प्रवेशाची 'पेट' परीक्षा दिली, नापास झाली, पुन्हा दिली. मग गाइड मिळेना. मिळाल्या त्या वर्षभरात निवृत्त झाल्या. दुसरे गाइड, पुन्हा नवा आराखडा, दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल. आठ वर्षं हेच चाललं. पोर झालं, सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तरी हिच्या विद्यापीठाच्या खेपा काही सुटल्या नाहीत. मी मनात म्हणायचे, आता सोडेल, आता सोडेल. कसली सोडतेय!

मीही त्याच विद्यापीठाची. त्र्याण्णव साली एफवाय बीए पास झाले होते. वर्गात आम्ही वाडीतल्या मुली मोजून चार. पुढच्या वर्षाचा अर्ज भरला आणि लग्न ठरलं. 'सुभद्राला आता कशाला कॉलेज,' एवढं बोलून वडिलांनी विषय संपवला. हिला मात्र अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून माझा नवरा, पांडुरंग, भाजी निवडायला बसायचा. माझ्यासाठी कधी बसला होता? जळणार नाही तर काय करणार!

हेमांगीचा विषय होता वसईच्या बागायतीतले शब्द आणि कामाच्या पद्धती. म्हणजे आमचंच सगळं. आमची विहीर, आमचे पाट, आमची राजेळी केळी. आणि डॉक्टर कोण होणार? तर ती खाडीवाली!

एक दिवस ती मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून माझ्यापुढे बसली. "वहिनी, सुकेळी कशी करायची ते पहिल्यापासून सांगा." आता सुकेळी म्हणजे पिकली राजेळी सोलून उन्हात वाळवायची, संध्याकाळी केळीच्या सुक्या पानांत गुंडाळायची, सकाळी पुन्हा उन्हात. आठवडाभर हेच. आमच्याकडे बाया आपल्या हातचं नेमकं कुणाला सांगत नाहीत. विचारलं की काहीतरी वाढवून सांगायचं नाहीतर गाळायचं, ही जुनी खोड. पण माझ्या मनात खोडीपेक्षा वाईट होतं. मी म्हटलं, "सोलल्यावर आधी मीठ चोळायचं." तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग "बरं," म्हणाली.

प्रबंध सादर झाला. वर्षभराने ओपन व्हायवाची, म्हणजे सगळ्यांसमोरच्या तोंडी परीक्षेची तारीख आली. त्या दिवशी समोर कुणीही बसू शकतं, कुणीही प्रश्न विचारू शकतं. सगळं घर नटून निघालं. चहा-फराळाची व्यवस्था घरच्यांनीच करायची असते. कल्पेशने सामोसे घेतले. मी माझ्या हातची सुकेळी घेतली. तिच्या दिवशी निदान बशीत तरी माझं नाव व्हावं!

बाहेरच्या विद्यापीठातून परीक्षक म्हणून एक बाई आल्या होत्या. प्रश्न चालू असतानाच बशा फिरल्या. बाईंनी सुकेळ्याचा तुकडा तोंडात टाकला, अजून एक टाकला, मग चष्मा लावून प्रबंधाची पानं उलटली.

"ही कुठल्या घरची?"

"आमच्याच," हेमांगी म्हणाली.

"पान एकशे बारावर तुम्ही लिहिलंय, तुमच्या घरी आधी मीठ चोळतात. यात तर मीठ लागत नाही. एक माहिती अशी निघाली तर बाकीच्या चारशे पानांवर मी विश्वास कसा ठेवू?"

तिचे गाइड खाली बघायला लागले. हेमांगीचा चेहरा पांढरा पडला, पण तिने माझं नाव घेतलं नाही. खरं सांगते, एक क्षण मला बरं वाटलं. मग तिचे हात प्रबंधाची तीच तीच पानं चाळताना दिसले. त्या हातांची आठ वर्षं मी रोज बघितली होती.

मी उठले. "बाई, ते मी सांगितलं. खोटं सांगितलं. हिचा मत्सर वाटला म्हणून. बाकीचं सगळं खरं आहे, हवं तर होळी गावात येऊन बघा."

पांडुरंग माझ्याकडे बघेचना.

बाईंनी हेमांगीला विचारलं, "तुम्हाला शंका आली नाही?"

"आली होती, मॅडम. बाकी पाच जणींनी मीठ नाही म्हणून सांगितलं. म्हणून फक्त एका घरची पद्धत असं लिहिलं."

"पण मुळात ठेवलंत का?"

हेमांगी माझ्याकडे बघून म्हणाली, "मी लग्न होऊन आल्यापासून वहिनींनी मला आपणहून काहीच शिकवलं नव्हतं. हे एवढं एकच सांगितलं. ते खोडायला हात धजेना."

बाईंनी ते पान दुरुस्त करून द्यायला सांगितलं आणि पदवीची शिफारस केली. टाळ्या वाजल्या, सगळे तिच्याभोवती जमले. मी खुर्चीतच बसून राहिले. तिने मला चारचौघांत इतक्या सहज माफ केलं होतं, आणि मला त्याचाही हेवा वाटत होता.