हिशोब कुणाचा, असं सुमन विचारायची

सुमन गेल्याचा फोन आला तेव्हा मी नुकताच चहा ठेवला होता. दादारावांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा आवाज नेहमीसारखाच होता. उभं आयुष्य त्यांनी जालन्याहून जाऊन-येऊन अंबडच्या कोर्टात कारकुनी केली, त्यामुळे कुठलीही गोष्ट ते पुढची तारीख सांगावी तशी सांगतात. "मॅडम, सुमन गेली. सकाळीच गेली. तुमी सावकाश या, पळत येऊ नका." मी गॅस बंद केला आणि ओट्याशी तशीच उभी राहिले. रडू आलं नाही. मनात एवढंच आलं, की आता तिला शोधायला कुणाला बाहेर पडावं लागणार नाही...

आता त्याला दीड-दोन महिने झाले. अजूनही दुपार कलली की मला वाटतं, कुणीतरी कुठेतरी चालत निघालंय आणि त्याच्या मागे जायचं आपण विसरलोय.

आम्ही दोघी जालन्याला एकाच कॉलेजात होतो. मी प्राणिशास्त्र शिकवायचे, सुमन कॉम्प्युटर. तिचे वडील अंबड तालुक्यात प्राथमिक शाळेवर मास्तर होते. मुलीने प्रश्न विचारला की ते हातातलं काम बाजूला ठेवून बसायचे, असं ती सांगायची. ती सवय तिला आयुष्यभर पुरली. पीएच.डी. मात्र तिने केली तत्त्वज्ञानात, आणि स्टाफरूममध्ये ते कुणालाच धड कळलं नाही. एकदा मीच विचारलं, तुझा विषय तरी काय गं? तिने समोरचा कॅल्क्युलेटर उचलला. "मालती, हा बेरीज करत न्हाई. बेरीज आपण करतो. हा फक्त वीज इकडची तिकडं करतो. बघणारं माणूस काढून घेतलं तर यात बेरीज कुठंय?" मी म्हटलं, बरं, मग अडलंय कुठे? ती म्हणाली, "अडलंय तुझ्या मुंगळ्यांपाशी."

आमच्या भागातल्या उघड्या रानात लांब पायांचे काळे मुंगळे असतात. रणरणत्या उन्हात एकेकटे हिंडतात. अन्न शोधताना वाट्टेल तसे वळतात, भरकटतात, पण तुकडा सापडला की थेट नाकासमोर घराकडे निघतात. जाताना किती चाललो, कुठल्या बाजूला वळलो, याचा मेळ आतल्या आत घालत असतात. मी हे वर्गात दरवर्षी शिकवत होते. सुमनने ते ऐकलं आणि तिची झोप उडाली. कॅल्क्युलेटरचा हिशोब बघायला आपण असतो. मुंगळ्याचा हिशोब बघायला कुणीच नसतं, तरी तो होतो, आणि बराबर होतो. "मंग तो हिशोब कुणाचा?" हा तिचा प्रश्न. पुढची सगळी वर्षं, तिचे सगळे शोधनिबंध, परदेशातून तिला येणारी पत्रं, सगळं या एका प्रश्नाभोवती होतं. कॉलेजात तिला मुंगीवाल्या मॅडम म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे.

अंतरवालीकडे तिच्या मामाचं शेत होतं. सोयाबीन निघालं की आम्ही तिथे जायचो आणि मोकळ्या जमिनीवर चुन्याने चौकटी आखायचो. मुंगळ्याने बिस्किटाचा तुकडा उचलला, की सुमन त्याला अलगद काडेपेटीत घ्यायची आणि बरंच लांब नेऊन सोडायची. तो कावराबावरा होत नसे. ज्या दिशेला घर असायला हवं त्या दिशेला, जितकं अंतर असायला हवं तितकंच चालायचा आणि थांबायचा. तिथे घर नसायचं. मग तो गोल फिरायला लागे, आधी लहान फेरा, मग मोठा, मग आणखी मोठा... पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा सुमन उन्हात उकिडवी बसून राहिली. पदर घसरलेला, भान नाही. "याला कळलं असंल का गं," ती हळूच म्हणाली, "की हितं घर न्हाई?" मी म्हटलं, कळायला काय, ती त्याची ठरलेली हालचाल आहे. पुढे तीही लिहिताना हेच लिहीत गेली: हिशोब असतो, जाणतं कुणी नसतं. पण नोंद घेऊन झाली, की प्रत्येक मुंगळा ती स्वतः त्याच्या बिळाशी नेऊन सोडायची.

निवृत्तीनंतर दोघं जालन्याचं भाड्याचं घर सोडून अंबडला, दादारावांनी बांधलेल्या घरात राहायला गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते सुरू झालं. आधी शब्द निसटू लागले. फोनवर बोलताना ती एखाद्या शब्दापाशी थांबायची आणि हसून म्हणायची, "जाऊ दे, येईल मागून." मग नावं गेली. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, आजाराचं नाव सांगितलं, औषधाने तो थांबणार नाही हेही सांगितलं. सुमनने डॉक्टरांना विचारलं म्हणे, "आधी काय जाईल, हिशोब की मी?"

मग ती घरातून निघून जायला लागली. दुपारी दार ओढून घ्यायची आणि चालू लागायची. दादाराव हवालदिल व्हायचे. कुलूप लावावं म्हणून त्यांचा भाऊ मागे लागला होता, पण ते तयार नव्हते. मला म्हणाले, "मॅडम, ती कुटं जाऊन राह्यली ते तरी एकदा बघू. कुलूप काय, कवाबी लावता येतं."

म्हणून एका दुपारी आम्ही दोघं तिच्या मागून निघालो. ती एसटी स्टँडवर गेली. जालन्याची गाडी आलेली होती. उतरणाऱ्या माणसांमध्ये ती मिसळली, जणू तीही आत्ताच उतरलीय, आणि खांद्यावरची नसलेली पर्स सावरून चालायला लागली. सरळ गेली. मग डावीकडे वळली. मग उजवीकडे. ही चाल मला पाठ होती. जालन्याला कॉलेज सुटल्यावर बसने स्टँडवर उतरून तिथून तिच्या घरापर्यंत आम्ही वर्षानुवर्षं अशाच चालत आलो होतो. तेवढीच पावलं, तीच वळणं, फक्त गाव दुसरं. आणि जिथे तिचं दार असायला हवं होतं, तिथे ती थांबली. समोर बंद पडलेल्या फोटो स्टुडिओचं गंजकं शटर होतं. तिने त्यावर हात फिरवला. मग ती फिरायला लागली... आधी लहान फेरा, मग मोठा.

मी धावत जाऊन तिचा हात धरला. तिने माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी ती पूर्ण भानावर होती, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. "मालती," ती म्हणाली, "मला कुनीतरी उचलून ठेवलंय गं हितं." माझं नाव तिच्या तोंडून मी ऐकलं ते तेव्हाच शेवटचं.

मी दादारावांना जालन्याची वाट आणि मुंगळ्यांचा प्रयोग, सगळं सांगितलं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं. "म्हंजे तिचं घर तितं शटरपाशी हाय," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या शिंप्याला विचारून शटरसमोर एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली. तेव्हापासून त्यांचा रोजचा नेम झाला. स्टँडपर्यंत तिच्या मागे जायचं, मग बोळातून घाईने पुढे होऊन ती पोचायच्या आत खुर्चीपाशी उभं राहायचं. ती आली की म्हणायचं, "आलीस? बस." ती बसायची. पाणी प्यायची. चेहऱ्यावर असं समाधान, की बघणाऱ्याला तिथे खरंच घर दिसावं. मग थोड्या वेळाने तिला घेऊन ते त्याच बोळातून सावकाश परतायचे. ती अंथरुणाला खिळेपर्यंत हे चाललं. पुढे छातीत कफ झाला, आणि त्यातच ती गेली.

सुमनसाठीचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भन्तेजी गेले, पाहुणे पांगले. दादाराव माझ्याजवळ येऊन बसले. मग म्हणाले, "मॅडम, तुमी शिकलेल्या हाव, तिच्यासंगं काम केलंय. एक इचारू? मी रोज तितं उबा राह्यचो, ते तिला कळत व्हतं का? का नुसता हिशोब व्हता? तिच्या लिखानात तर मुंगळ्याला काईच कळत न्हाई म्हनून हाय."

मला एकदम ती दुपार आठवली. दादाराव तापाने पडले होते आणि त्यांच्याऐवजी मी गेले होते. त्यांच्यासारखीच बोळातून पुढे झाले आणि खुर्चीपाशी उभी राहिले. सुमन आली. मी अगदी त्यांच्याच शब्दांत म्हटलं, "आलीस? बस." तिने खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "न्हाई," ती म्हणाली. तेव्हा तिचं बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. बसली नाही. वळली आणि फिरायला लागली. आधी लहान फेरा, मग मोठा. आणि प्रत्येक फेऱ्यात बोळाच्या तोंडाशी थांबून आत वाकून बघत होती.

जागा तीच होती, खुर्ची तीच, वाक्यही तेच. फक्त माणूस बदललं होतं.

मी हे दादारावांना सांगितलं. सुमन असती तर लगेच म्हणाली असती, एका खेपेवरून काही ठरत नसतं, पुन्हा करून बघ. तेही मी त्यांना सांगितलं. ते त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. त्यांनी उपरण्याने डोळे पुसले आणि विचारलं, "बोळात बघत व्हती?"

"हो."

गेल्या आठवड्यात मी पुन्हा अंबडला गेले होते. चहा झाला, गावाकडचं बोलणं झालं, माझी गाडीची वेळ झाली. मी पर्स उचलली तसे दादाराव म्हणाले, "मॅडम, जाता जाता तेवडं बोळाचं एकदा सांगा."

मी पर्स खाली ठेवली आणि पहिल्यापासून सांगायला लागले.