काशिनाथचे गप्प व्हॉल्व्ह

काशिनाथच्या बायकोचा, सुनंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी तळा गावच्या बाजारात कांदे निवडत होतो. "हे गेले," एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "दिवसकार्य झालं की या भावोजी. तुम्हालाच एक विचारायचंय." काय विचारायचंय ते मला तिथेच कळलं. काशिनाथला रक्ताचा कर्करोग झाला होता. आम्ही दोघं ज्या अणुवीज केंद्रात होतो, तिथे कुणाच्या अंगावर किती किरणोत्सर्ग पडतो, यावर लक्ष ठेवायचं काम उभी नोकरी मी केलं. कांदे तसेच टाकून घरी आलो.

तो मुरुडच्या कोळीवाड्यातला, मी तळ्याच्या भातशेतीवाल्यांतला. परमुलखात दोन रायगडकर भेटले म्हणून जमलं, एरवी आमची कामं अशी की रोज भांडणंच व्हावीत. त्याच्याकडे सेफ्टी व्हॉल्व्ह. दाब हाताबाहेर गेला तर उघडून वाफ सोडायची, घरच्या कुकरला असतो तसाच, फक्त माणसाएवढा. हे व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं गप्प बसलेले असतात. वेळेला उघडतील की नाही हे खोलून पाहिल्याशिवाय खात्रीनं सांगता येत नाही, आणि खोलायचं तर माणूस अणुभट्टीजवळ आत पाठवायचा, म्हणजे त्यानं अंगावर किरणोत्सर्गाचा डोस घ्यायचा. तो म्हणायचा पाठव, मी म्हणायचो कशाला. दर शटडाउनला, म्हणजे केंद्र देखभालीसाठी बंद ठेवलं की, हाच तमाशा, कँटीनमधले लोक मजा बघत बसायचे. एकदा मी चिडून म्हटलं, गेल्या खेपेला चांगला निघाला, त्याच्या आधीही चांगला निघाला, आता काय त्याची पत्रिका बघायचीय? तो भात कालवत शांतपणे म्हणाला, "होडीचा तळ चांगला हाय म्हणून माझा बाप कधी बघायचा ऱ्हायला न्हाय."

मग एका शटडाउनला त्यानं हट्टानं सगळेच्या सगळे खोलायला लावले. सगळे ठणठणीत. पण परत बसवताना एकाच्या आत बारीकसा कचरा राहिला आणि तो चांगला व्हॉल्व्ह गळायला लागला. म्हणजे पुन्हा माणसं आत, पुन्हा डोस, आणि तोही आपल्याच हातानं ओढवून घेतलेला. मी त्याला चांगला झाडणार होतो, पण त्याचा चेहरा बघितला आणि झाडायचं राहून गेलं. साहेब असून त्या वेळी तो स्वतः आत गेला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, दरवेळी सगळे नकोत, आळीपाळीनं थोडे खोलू. पण त्यातला एक जरी अडकलेला निघाला तर मग सगळे खोलायचे, तेव्हा तू मध्ये यायचं न्हाय. मी कबूल झालो. बाहेरच्या शेडमध्ये त्यानं भंगारातला एक व्हॉल्व्ह आणून ठेवला. आत जाणाऱ्यानं आधी त्याच्यावर हात बसवायचा, म्हणजे आत वेळ कमी लागतो. हा पठ्ठ्या स्वतःच इतका सराव करायचा की पोरं हसायची. आणि एका वर्षी खरंच एक अडकलेला निघाला... कबूल केल्याप्रमाणे मी मुकाट्यानं सगळ्या कामाला परवानगी दिली. आत जाणाऱ्यांच्या पहिल्या पाळीत काशिनाथ होता.

दिवसकार्य झाल्यावर मुरुडला गेलो. वहिनींनी पाणी दिलं आणि समोर बसून सरळ विचारलं, "त्यामुळेच गेले का हो?" मी सांगायला लागलो की त्याचा डोस कायम मर्यादेच्या आत होता, मीच बघत होतो. हा आजार असल्या ठिकाणी कधी पाऊल न टाकलेल्यांनाही होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे नाही, असंच ना?"

"तसंही सांगता येत नाही, वहिनी. मला माहीत नाही."

जन्मभर मोजत आलो आणि वेळेला एवढंच सांगता आलं. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. चहा टाकते म्हणाल्या आणि उठल्या. काशा, फार आठवण येते रे. भांडायला तरी हवा होतास.

चहा उकळायच्या आत गॅस संपला. स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, "बाहेर पडवीत बसा सगळे." त्यांची मुलगी कल्याणी लगेच उठली. मला म्हणाली, "चला काका. सिलिंडर बदलताना बाबा घरात कुणालाच थांबू द्यायचे नाहीत. आधी सगळ्यांना बाहेर काढायचे." आम्ही पडवीत उभे राहिलो. आत सिलिंडर सरकवल्याचा आवाज आला, रेग्युलेटर बसल्याचा आला. पण शेगडी पेटल्याचं ऐकू येईना. थोड्या वेळानं हुंदका आला, तोंडावर पदर दाबून धरल्यासारखा. कल्याणी दारापर्यंत गेली आणि सवयीनं तिथेच थांबली. मी चपला काढल्या आणि आत गेलो.